परकायाप्रवेश आणि किरकोळ रजा

नागपूर शहरातील शासकीय कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा ज्या कोणी बारकाईने अभ्यास केला असेल, त्याच्या नजरेतून एक चमत्कारिक गोष्ट सुटली नसेल. महाल भागातल्या एखाद्या जुन्या घरात, न्हाणीच्या ओल्या फरशीवर, सत्तरी उलटलेली एखादी वृद्धा पाय घसरून पडते आणि त्याच घटकेला तेथून दोनअडीच मैलांवर, सिव्हिल लाइन्समधील कचेरीत बसलेल्या तिच्या पंचेचाळीस वर्षांच्या, धडधाकट आणि सकाळीच दोन प्लेट तर्री-पोहे पचवून आलेल्या चिरंजीवांना कडकडून ताप भरतो. हाड मोडलेले असते मातोश्रींच्या खुब्याचे. चिरंजीवांच्या अर्जात मात्र 'तीव्र ज्वर व अशक्तपणा' असा मजकूर असतो. शस्त्रक्रिया 'मेडिकल' रुग्णालयात मातोश्रींवर होते आणि सक्त विश्रांतीचा सल्ला चिरंजीवांना मिळतो. आद्य शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या देहात प्रवेश केल्याची कथा आपण मोठ्या भक्तिभावाने सांगतो. परंतु त्यांना त्यासाठी योगसामर्थ्य खर्ची घालावे लागले होते. आमच्या कनिष्ठ लिपिकांना तीच विद्या केवळ रजेच्या नियमांच्या परिशीलनाने साध्य झालेली आहे, आणि ते ती वर्षातून दोनतीनदा, कोणताही गाजावाजा न करता, करून दाखवतात.

या विद्येचा मूळ ग्रंथ म्हणजे 'महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१'. हा ग्रंथ ज्याने रिकामपणी चाळला असेल त्याला मानवी जीवनाच्या विविधतेविषयी नितांत आदर वाटू लागतो. कमावलेली ती अर्जित रजा, आणि मुळीच न कमावता मिळणारी ती अनर्जित रजा. अर्धे वेतन घेऊन घ्यावयाची ती अर्धवेतनी, आणि डॉक्टरचा दाखला जोडून अर्ध्याचे पूर्ण करून घ्यावयाची ती परिवर्तित. आणि सगळे उपाय थकल्यावर, वेतन नामक मोहाचा सर्वस्वी त्याग करून पत्करावयाची ती असाधारण रजा. या सगळ्यांच्या अग्रभागी, देवळाच्या दारात नंदी बसावा तसा, एक नियम बसलेला आहे: रजा हा हक्क म्हणून मागता येणार नाही. त्याला वळसा घातल्याखेरीज कोणालाही गाभाऱ्यात जाता येत नाही.

केंद्र सरकारचे १९७२ चे रजा-नियम याहूनही दूरदर्शी. त्यांत आजारी पडलेल्या खलाशांसाठी वेगळी रजा राखून ठेवलेली होती. नागपूर हे देशाच्या मध्यभागी, 'झिरो माईल'च्या दगडाशी वसलेले शहर असल्यामुळे समुद्र त्याच्यापासून चारही दिशांनी जितका दूर राहता येईल तितका दूर राहिलेला आहे. तेव्हा अंबाझरीच्या तलावात नाव वल्हवणारे सोडले तर येथे खलाशी सापडणे कठीण. तथापि नियमकर्त्यांनी त्याची आठवण ठेवली. आठवण राहिली नाही ती आईची. खलाशी प्रत्येकाच्या घरी नसतो आणि आई बहुधा असते, एवढीच काय ती तिची चूक.

उरली किरकोळ रजा, वर्षाकाठी आठ दिवसांची. या रजेविषयी जाणकार लोक एक गूढ सिद्धांत सांगतात, तो असा की, ही रजा नियमांच्या दृष्टीने रजाच नव्हे. तीवर गेलेला मनुष्य कर्तव्यावरच आहे असे समजावयाचे असते. म्हणजे खाटेच्या उशाशी बसून आईला पातळ वरणभात भरवणारा लिपिक कागदोपत्री शासनाचीच सेवा करीत असतो. इतका उदात्त विचार ज्या नियमावलीत आहे तिला आपण रूक्ष म्हणतो, हा आपला कृतघ्नपणा होय. अडचण एवढीच की खुब्याचे हाड आठ दिवसांत जुळत नाही, आणि आठांतले पाच दिवस लग्ने, मयती, मुलाच्या शाळेचा प्रवेश आणि गॅसच्या जोडणीचा माणूस यांनी जूनपूर्वीच फस्त केलेले असतात.

अर्जित रजा शिल्लक असते, नाही असे नाही. पुष्कळांच्या खात्यावर ती तीनशे दिवसांच्या काठोकाठ भरलेली असते. परंतु या तीनशे दिवसांचे निवृत्तीच्या वेळी रोख पैसे होतात, आणि त्या पैशांवर कन्येच्या विवाहाचा मांडव बऱ्याच वर्षांपूर्वी मनोमन घातला गेलेला असतो. त्यामुळे आईच्या उशाशी बसलेल्या मुलाला प्रत्येक सूर्यास्ताबरोबर मांडवाचा एकेक खांब उपटला जाताना दिसतो. आई आणि मुलगी यांत निवड करण्यापेक्षा स्वतःच आजारी पडणे त्याला नैतिकदृष्ट्या अधिक स्वच्छ वाटते, आणि येथे मला तरी त्याला दोष देववत नाही.

हा मार्ग त्याला कोणी दुष्ट मनुष्य दाखवीत नाही. तो दाखवतात आस्थापना शाखेचे बडे बाबू. बडे बाबू म्हणजे नागपूरकडील कचेऱ्यांचा स्थायीभाव. साहेब बदलून जातात, मंत्री बदलून जातात, बडे बाबू हजेरीपटावर हात ठेवून असतात. त्यांच्या टेबलाशी घडणारा संवाद मी एकाहून अधिक कचेऱ्यांत, थोड्याफार पाठभेदाने, ऐकलेला आहे.

"काऊन बाप्पा, तोंड काऊन उतरलं?"

"मायच्या खुब्याचं हाड मोडलं नं, बडे बाबू."

"अरारा! लय वाईट झालं. रजा कोनाले पाहिजे?"

"मले."

"आजारी कोन हाय?"

"माय."

"माय नोकरीत हाय काय?"

"नाही."

"मंग झालं! जिले आजार हाय तिले नोकरी नाही, अन् ज्याले नोकरी हाय त्याले आजार नाही. कोनत्या नियमात बसवू तुले?" असे म्हणून बडे बाबू चष्मा कपाळावर चढवतात, खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे थोडा वेळ पाहतात आणि मग मोठ्या मायेने, आवाज उतरवून म्हणतात, "असं कर, तूच पडून जाय आजारी. सोपं पडते."

यानंतरचा विधी सर्वांच्या परिचयाचा आहे. डॉक्टर दाखला देतात; तो देताना रुग्णाची नाडी पाहण्याचा उपचारही ते पाळतात, कारण धंद्याची म्हणून काही प्रतिष्ठा असते. खरी गंमत पुढे आहे. रजा संपवून रुजू होताना कर्मचाऱ्याला बरे झाल्याचे प्रमाणपत्र हजर करावे लागते. म्हणजे जो कधी आजारी नव्हता तो यथाविधी बरा होतो, आणि जी खरोखर आजारी आहे ती वॉकरचा आधार घेत अजून मोरीपर्यंतही पोहोचलेली नसते. शासनाच्या दप्तरात मात्र प्रकरण निकाली निघालेले असते.

आता कोणी म्हणेल की ही सगळी रड इतर शहरांतही आहे, नागपूरचेच कौतुक काय? कौतुक आहे ते डिसेंबरचे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी जो नागपूर करार झाला, त्याचे फळ म्हणून विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी या शहरात भरते, आणि ते बहुधा अशा वेळी भरते की ज्या वेळी येथील थंडी वृद्धांच्या छातीत आणि सांध्यांत आपले स्वतंत्र अधिवेशन भरवीत असते. मुंबईहून सरकार येते, आणि त्याच्या आगमनापूर्वी परिपत्रक येते: अधिवेशनाच्या काळात कोणीही रजेवर जाऊ नये, मुख्यालय सोडू नये. रविभवनातील कुटिरांना रंग लागतो, रस्त्यांचे खड्डे बुजतात आणि रजेचे रजिस्टर कपाटात जाते. त्या काळात आजारी पडणे हे वृद्धांच्या बाबतीत अविचाराचे आणि त्यांच्या मुलांच्या बाबतीत शिस्तभंगाचे समजले जाते. मोर्चे निघतात, त्यांत शिक्षक असतात, अंगणवाडी सेविका असतात, तीनचाकी सायकलींवर बसलेले दिव्यांग बांधव असतात, आणि त्यांच्या मागण्यांत सवलतीच्या रजा हे कलम कोठेतरी असतेच. त्या मोर्च्याच्या बंदोबस्ताला उभा असलेला हवालदार ते कलम लक्षपूर्वक ऐकतो, कारण त्याची स्वतःची रजा परवाच नामंजूर झालेली असते.

आपल्या कायद्याला मातापित्यांची फिकीर नाही असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा अधिनियम संमत केला. त्यान्वये मुलांनी आईवडिलांचा सांभाळ केलाच पाहिजे; आपल्या स्वाधीन असलेल्या वृद्धाला जो कोणी कायमचे टाकून देईल त्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आईकडे पाहिले नाही तर तीन महिने तुरुंगात बसण्याची व्यवस्था झाली. आईकडे पाहण्यासाठी तीन दिवस घरी बसण्याची व्यवस्था तेवढी राहून गेली. याबद्दल राज्यसभेत विचारणाही झाली, आणि २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी उत्तर दिले की, केंद्रीय कर्मचाऱ्याला वर्षाला तीस दिवसांची अर्जित, वीस दिवसांची अर्धवेतनी, आठ दिवसांची नैमित्तिक, म्हणजे किरकोळच, रजा आणि दोन दिवसांची वैकल्पिक सुट्टी असतेच, आणि ती वृद्ध आईवडिलांच्या देखभालीसह कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येते. उत्तर अक्षरशः खरे आहे. फक्त ते आमच्या बडे बाबूंच्या टेबलापर्यंत अद्याप पोहोचलेले दिसत नाही. बहुधा आवक-जावक शाखेत असावे.

आसामचा खाक्या निराळा. तेथील सरकारने आईवडिलांची व दिव्यांग भावंडांची आबाळ करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून परस्पर रक्कम कापून त्यांना देण्याचा कायदा २०१७ सालीच केला, आणि २०२४ मध्ये तर ६ व ८ नोव्हेंबर या दोन तारखांना आईवडील किंवा सासूसासरे यांच्या सहवासात राहण्यासाठी खास नैमित्तिक रजा जाहीर केली. ज्यांचे आईवडीलही नाहीत आणि सासूसासरेही नाहीत त्यांना ती नव्हती. कल्पना गोड आहे. पण मातृभक्तीला तारीख नेमून देण्यात एक धोका असतो. आई ११ नोव्हेंबरला पडली तर तिने काय करावे?

लेकरांच्या बाबतीत सरकारचे हृदय अधिक लवकर द्रवले. केंद्राने २००८ साली महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. महाराष्ट्राने २०१८ साली १८० दिवसांची दिली. महाराष्ट्राच्या आदेशात पुरुषांचाही विचार आहे, आणि तो वाचताना मी क्षणभर स्तब्ध झालो. पुरुष कर्मचाऱ्याला ही रजा मिळते. मात्र त्याची पत्नी हयात नसावी, किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असावी. बापाचे प्रेम कागदावर उतरण्यापूर्वी घरात केवढा अनर्थ घडावा लागतो! हिंडतीफिरती, स्वतः एखाद्या बँकेत दिवसभर नोटा मोजणारी पत्नी ज्याला आहे, त्याने मुलाच्या गोवराच्या वेळी काय करावे हे आदेशात सांगितलेले नाही. सांगण्याची गरजही नसावी, परकायाप्रवेश आहेच.

विकलांगतेच्या प्रांतात शिरले की भाषा अधिक गंभीर होते. कर्तव्य बजावताना इजा झालेल्या कर्मचाऱ्यासाठी विशेष विकलांगता रजा आहे, आणि ती एका विकलांगतेपायी चोवीस महिन्यांपर्यंत मिळू शकते. ही उदारता मोठीच; परंतु नियम असे म्हणतो की, विकलांगता ही अपघातापासून तीन महिन्यांच्या आत प्रकट झाली पाहिजे, आणि बाधित इसमाने ती योग्य त्या तत्परतेने वरिष्ठांच्या नजरेस आणून दिली पाहिजे. अभिलेखागाराच्या शिडीवरून १९८४ च्या गठ्ठ्यांसकट खाली आलेल्या मनुष्याने कण्हण्यापूर्वी अर्जाचा मसुदा तयार करावा, आणि त्याच्या मणक्याने दुखायला लागण्याची मुदत पाळावी, अशी ही अपेक्षा आहे.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम याहून पुष्कळ माणसाळलेला आहे. सेवेत असताना ज्याला दिव्यांगत्व आले त्याला शासकीय आस्थापनेने काढूनही टाकू नये आणि पदावनतही करू नये. त्या कामाला तो योग्य राहिला नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे. आणि तसे काम मिळेपर्यंत त्याच्यासाठी अधिसंख्य पद निर्माण करावे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. कायदा संसदेत संमत होतो हे खरे, पण तो अमलात येतो तिसऱ्या मजल्यावर, आणि उद्वाहक नादुरुस्त असतो. मुलांच्या दिव्यांगत्वाचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. हिमाचल प्रदेशातील नालागढच्या शासकीय महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या शालिनी धर्माणी यांच्या मुलाला हाडे ठिसूळ करणारा जन्मजात विकार आहे. त्याच्या उपचारांत त्यांची रजा संपली आणि बालसंगोपन रजेची तरतूद त्या राज्याने स्वीकारलेलीच नव्हती. २२ एप्रिल २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती पारडीवाला यांच्या खंडपीठाने सुनावले की, नोकरीत स्त्रियांचा सहभाग ही मेहेरबानी नसून घटनात्मक गरज आहे, आणि दिव्यांग मुलांच्या मातांचा विचार करून राज्याने आपले धोरण पुन्हा तपासावे. रजेच्या नियमांच्या दारातला तो नंदी त्या दिवशी किंचित हलला असावा.

जुन्या काळी सगळे आलबेल होते असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. परंतु या बाबतीत नागपूरचा जुना काळ खरोखर पाहण्यासारखा आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही दिल्लीत ज्या दिवशी फिरली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी येथे एम्प्रेस मिल सुरू केली. थोड्याच काळात व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांच्या ध्यानात आले की, नागपूरचा कामगार प्रेमळ आहे, कष्टाळू आहे, पण तो कामावर येईलच असे नाही. पोळा असला की तो येत नसे, मारबतीची मिरवणूक असली की येत नसे, घरी पाहुणा आला की येत नसे आणि पाहुणा गेला की दमून येत नसे. अर्ज, दाखला, खुलासा यांचा त्याच्या निर्मळ मनाला स्पर्शही झालेला नव्हता. दंड आणि बडतर्फी हे उपाय हाताशी असताना जमशेटजींनी उलटीच वाट धरली: खेळांचे सामने भरवले, कुटुंबांना बोलावून बक्षिसे वाटली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला आणि १८९५ मध्ये अपघातात जायबंदी झालेल्यांना भरपाई देण्यास सुरुवात केली. सरकारला तशाच भरपाईचा कायदा करण्याची बुद्धी १९२३ साली झाली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. एवढ्या अवधीत जन्मलेले मूल मिलमध्ये लागून स्वतः बाप होऊ शकत होते. कामगारस्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बाबतीतही हा मुलूख फारसा मागे राहिला नाही. मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली ज्या विधेयकाची बाजू मांडली ते १९२९ मध्ये कायदा झाले, आणि पाठोपाठ १९३० मध्ये मध्यप्रांताने आपला प्रसूतिलाभाचा कायदा केला. ज्या आवारात आज डिसेंबरात कोणाची रजा मंजूर होत नाही, त्या सिव्हिल लाइन्सच्या परिसरातूनच तेव्हा त्या प्रांताचा कारभार चालत असे. एम्प्रेस मिल पुढे २००२ साली कायमची बंद पडली आणि तेथे मॉल उभा राहिला. त्यातल्या दुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींना रजा कोणती मिळते हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

वस्तुतः शासकीय कर्मचाऱ्याला वाटते की रजेच्या उतरंडीत तळाला आपणच आहोत. हा त्याचा भ्रम आहे. आईजवळ बसायला त्याला रजा मिळाली नाही की आईजवळ बसते ती कामवाली बाई. आणि तिला मात्र रजा नसते, खाडा असतो. त्याची नोंद स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लाल फुलीने होते. बारा महिने नियमावलीतील अन्यायाविषयी तावातावाने बोलणारा मनुष्य ही फुली मारताना कमालीचा शांत असतो. याच शहरात संस्कृतच्या प्राध्यापक रूपा कुळकर्णी यांनी विदर्भ मोलकरीण संघटना उभी केली आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या पगारी सुट्टीचा प्रश्न चव्हाट्यावर आणला, तेव्हा अनेक सुसंस्कृत दिवाणखान्यांत संस्कृताच्या भवितव्याविषयी चिंता व्यक्त झाली होती म्हणतात. २००८ साली राज्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदाही केला. पण मंडळ मुंबईत आणि फुली स्वयंपाकघरात, अशी स्थिती आहे.

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाई गेल्या हिवाळ्यात अशाच पडल्या. त्यांचे चिरंजीव एका कचेरीत अधीक्षक, सूनबाई बँकेत. तेव्हा दिवसभर त्यांच्याजवळ असे ती कामाला येणारी बाई. एके दिवशी ती दारातूनच म्हणाली, "आजी, उद्यापासून चार दिस येनं होत नाही जी."

"का गं? ताप आला का?"

"मले काऊन येईन ताप? सासू पडली माही. तिच्यापाशी कोनी नाही."

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा मागवला. छत्तीस वर्षे त्यांनी शिक्षकांच्या रजेचे अर्ज वाचले होते, आणि त्यांत अचानक बिघडलेल्या प्रकृतीशिवाय दुसरे कारण त्यांच्या क्वचितच पाहण्यात आले होते. त्यांनी उशाखालची वही काढली, बाईच्या वतीने अर्ज स्वतःच लिहिला, 'कारण' या शब्दापुढे 'सासूचे आजारपण' असे टपोऱ्या अक्षरांत नमूद केले, बाईचा अंगठा घेतला आणि खाली शेरा मारला: 'चार दिवस मंजूर. वेतन कापू नये.'

संध्याकाळी चिरंजीवांनी तो कागद वाचला. त्यांच्यातला अधीक्षक जागा झाला. "आई, हे असं लेखी नको देऊस. पायंडा पडेल. उद्या सगळ्या बिल्डिंगमधल्या बाया हेच मागतील."

"हो का?" म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी कागद परत घेतला, आणि शेऱ्याखाली आणखी एक ओळ लिहिली: 'प्रत, माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव: इमारतीतील सर्व सदनिकाधारक.'